झावळी कोणाची, कचरा कोणाचा?



तीन आठवड्यांपूर्वी रविवारच्या सातच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर दोघांची जुंपली. दोघेही आपल्याच धर्मग्रामातले, दोघेही नियमित मिस्साला येणारे, आणि दोघांचीही बाजू ऐकताना मला खरीच वाटत होती. एक आहेत वाडीवाले काका. चाळीसएक माड, चार केळीचे वाफे, थोडा मोगरा. दुसरे स्टेशनकडच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांत राहणारे, रोज लोकलने नोकरीला जाणारे. विषय होता कचऱ्याच्या शुल्काचा.

बिल्डिंगवाले म्हणाले, "फादर, माझ्या घरचा कचरा एका लहान बादलीत मावतो. ह्यांच्या वाडीतून टेम्पोभर झावळ्या निघतात. मग मी आणि हे सारखेच पैसे का भरायचे? ह्यांच्या बागेचा भार माझ्या खिशावर का?"

काकांचे म्हणणे याच्या अगदी उलट. "माझ्या आजोबांपासून आमच्या वाडीतली झावळी वाडीच्या बाहेर गेलेली नाही. कचऱ्याच्या गाडीला माझ्याकडचे पानही जात नाही. जी सेवा मी घेतच नाही तिचे पैसे मी का द्यायचे?"

मग दोघे माझ्याकडे वळले. "फादर, तुम्हीच सांगा." मी घाईत होतो, साडेआठच्या मिस्साची वेळ होत आली होती, म्हणून "पुढे कधीतरी बोलू" असे म्हणून सुटलो. पण प्रश्न काही मला सोडेना. आज तो तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवातीला एक साधा फरक लक्षात घेऊ. कर आणि शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक स्पष्ट केला. कर हा सर्वांच्या कामासाठी सर्वांकडून घेतला जातो, त्याच्या बदल्यात मला स्वतःला काय मिळाले असे विचारता येत नाही. शुल्क मात्र विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते. पुढच्या काळात न्यायालयाने ही अट बरीच सैल केली, मिळालेल्या सेवेचा आणि भरलेल्या पैशांचा पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे असे नाही असे म्हटले. पण मूळ कल्पना तीच राहिली. म्हणून कचऱ्याच्या पैशांना 'शुल्क' म्हटले की आपल्या मनात लगेच दुकानदाराचा तराजू उभा राहतो : मी काय दिले, मला काय मिळाले?

सेमिनरीत असताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ होता. त्याच्या पाचव्या भागात तो न्यायाचे दोन प्रकार सांगतो. एक देवघेवीचा न्याय : जितके घेतले तितके दे. दुसरा वाटणीचा न्याय : जे सर्वांचे आहे ते योग्य प्रमाणात वाटा, मग तो लाभ असो की भार. आपले दोघेही भांडत होते ते देवघेवीच्या न्यायावर. एक म्हणतो मी थोडी सेवा घेतो म्हणून थोडे द्यायचे, दुसरा म्हणतो मी सेवाच घेत नाही म्हणून काहीच द्यायचे नाही. तत्त्व एकच, फक्त प्रत्येकाने तराजू आपापल्या अंगणात टांगला आहे.

पण कचऱ्याची गाडी माझ्या दारात येते तेव्हा मला नेमकी कोणती सेवा मिळते? माझी बादली रिकामी होते, हे खरे. पण ती बादली मी स्वतःही कुठेतरी रिकामी केली असती. मला मिळणारी मोठी सेवा वेगळीच आहे : शेजाऱ्याची बादली रिकामी होते. त्याचा कचरा गटारात गेला नाही, म्हणून माझ्या घरात डास आले नाहीत. त्याने तो पेटवला नाही, म्हणून माझ्या मुलाला रात्री खोकला आला नाही. काकांच्या वाडीतून एक पानही गाडीत जात नसेल, तरी काका रोज त्या गाडीचा लाभ घेत आहेत. संत थॉमस अक्विनस न्यायाचा आणखी एक प्रकार मानतात : व्यक्तीचे संपूर्ण समाजाला काय देणे लागते, तो. कचऱ्याचा प्रश्न मला त्या खात्यातला वाटतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर बिल्डिंगवाले खूश झाले असते आणि काका माझ्यावर रुसले असते. पण गोष्ट इतकी सरळ नाही. 'सर्वांचे हित' हे शब्द फार सोयीचे असतात. त्यांच्या आड कोणाकडूनही काहीही वसूल करता येते. नालासोपाऱ्याच्या चाळीत एका खोलीत राहणाऱ्या विधवा बाईने आणि दोन एकरांच्या बंगल्याने सारखाच आकडा भरायचा, आणि विचारले तर सर्वांच्या हिताचे नाव पुढे करायचे, हे वाटणीच्या न्यायात बसत नाही. २०२५ साली मुंबई महापालिकेने कचऱ्याच्या शुल्काचा मसुदा काढला होता, त्यात घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे महिन्याला शंभर ते हजार रुपये असे दर सुचवले होते. लोकांनी विरोध केला. पण निदान लहान घर आणि मोठे घर यांत फरक करण्याचा विचार त्यात होता, एवढे मान्य करायला हवे.

आणि बागेचा कचरा खरोखरच वेगळा आहे. माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात, म्हणजे महिन्याला एक जुनी झावळी गळते. काकांचे चाळीस माड धरले तर वर्षाला पाचशेच्या आसपास झावळ्या झाल्या. त्यात घड उतरवल्यावर तोडलेले केळीचे बुंधे, जे पाण्याने इतके जड असतात की एकट्याने उचलवत नाहीत. हे सगळे स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांबरोबर एकाच गाडीत कसे जायचे? २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले तेव्हा त्यांतही बागेच्या कचऱ्याचा स्वतंत्र उल्लेख होता : ज्याचा त्याने तो आपल्या आवारात वेगळा ठेवावा आणि स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. इंग्लंडमध्ये तर बहुतेक ठिकाणी घरचा कचरा नेहमीच्या करातच नेतात, पण बागेतले गवत आणि फांद्या न्यायच्या असतील तर वर्षाची वेगळी रक्कम भरावी लागते. ज्याला नको त्याने घरीच खत करावे. ज्याला बाग नाही त्याने बागवाल्याच्या गवताचा खर्च का उचलावा, हा तिथला युक्तिवाद. आपले बिल्डिंगवाले तिथे असते तर खूश झाले असते.

ही पद्धत मला न्याय्य वाटते. पण तिच्यात एक फट आहे, आणि ती आपल्याला चांगलीच माहीत आहे. पैसे द्यायचे नाहीत आणि खतही करायचे नाही, असा तिसरा मार्ग नेहमी उघडा असतो : काडेपेटी. किंवा रात्री दहानंतर ओढ्याचा काठ. २०१८च्या जुलैत आपली वसई कित्येक दिवस पाण्यात होती. त्याची कारणे मोठी होती, मातीचे भराव होते, बुजवलेल्या जागा होत्या, आणि त्याबद्दल जाब विचारलाच पाहिजे. पण मोरीच्या तोंडाशी अडकलेले केळीचे बुंधे काही कोणा बिल्डरने आणून टाकले नव्हते.

येथे मला सेमिनरीतला एक जुना वाद आठवतो. सोळाव्या-सतराव्या शतकात काही ईशज्ञानी म्हणत की काही कायदे 'निव्वळ दंडाचे' असतात. असा कायदा मोडला तर पाप लागत नाही, फक्त पकडले गेल्यास दंड भरायची तयारी हवी. सुआरेझसारख्या थोर विचारवंताने यावर बारकाईने लिहिले आहे. या कल्पनेचे मूळ चांगले होते. डॉमिनिकन संघाने आपले नियम असेच ठेवले होते, की एखादा साधा नियम चुकला तर साधूच्या मनावर पापाचे ओझे नको, प्रायश्चित्त केले की झाले. पण पुढे लोकांनी ती कल्पना जकातीला लावली, करांना लावली, आणि सोयीची पळवाट तयार झाली. आपल्याकडे सुआरेझचे नाव कोणी घेत नाही, पण वृत्ती तीच. कचरा जाळू नये, सुकी पानेसुद्धा जाळू नयेत, हे २००० सालच्या नियमांतच होते. २०१६च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंड सांगितला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार. हे मी एका घरी सांगितले तर घरमालक हसले. "फादर, तो दंड भरलेला माणूस एकदा दाखवा, मी त्याला चहा पाजतो."

त्या वेळी मीही हसलो. आता हसू येत नाही, कारण तो चहा पिण्याचा मान माझाच होता.

झावळ्यांच्या रविवारी आपण घरी नेलेल्या आशीर्वादित झावळ्या पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी चर्चमध्ये परत आणतो. त्या जाळून कपाळाला लावायची राख तयार होते. मूठभर राख पुरते. मागच्या वर्षी त्या जाळताना आमच्या माळीदादांनी विचारले, "फादर, पेटवतोच आहे तर मागचा ढीगपण टाकू का?" मागचा ढीग म्हणजे कबरस्तानाच्या भिंतीलगत सहा महिने साठलेला पाचोळा : बदामाची पाने, आंब्याची पाने, छाटलेल्या बोगनवेलीच्या फांद्या, चर्चच्या माडांच्या झावळ्या. टेम्पोवाल्याने तो न्यायला जो आकडा सांगितला होता तो मला जास्त वाटला होता. मी म्हटले, टाका. थंडीचे दिवस, वारा नाही. ढीग दोन दिवस धुमसत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन निघालो. भिंतीपलीकडच्या तिसऱ्या घरात एक आजी आहेत, जुना दमा. खोलीची खिडकी बंद, फटींत ओल्या फडक्यांच्या गुंडाळ्या खुपसलेल्या, उशाशी वाफेचे यंत्र. त्यांच्या सुनेने मला पाणी दिले आणि काहीच बोलली नाही. आजींना धाप लागत होती, तरी कम्युनियन घेतल्यावर त्या म्हणाल्या, "फादर, दोन दिवस कोणीतरी जाळतेय. तुम्ही जरा मिस्सात सांगा ना लोकांना."

कोण जाळत होते हे त्यांना ठाऊक नव्हते, की ठाऊक असून त्या मला वाट करून देत होत्या, हे मला अजून कळलेले नाही. सुनेला ठाऊक होते, हे नक्की.

त्या रात्री 'निव्वळ दंडाचा कायदा' ही कल्पना माझ्यापुरती संपली. मला कोणी पकडले नाही, पावती फाडली नाही, म्हणजे कायद्याचा हिशेब शून्य. पण ते देणे कायद्याने निर्माण केलेलेच नव्हते. हरित लवाद नसता, नियम नसते, महापालिका नसती, तरी माझ्या ढिगाचा धूर त्याच खिडकीतून आत गेला असता. टेम्पोचे पैसे मी वाचवले असे मला वाटले होते. ते वाचले नव्हते. ते आजींनी भरले, आपल्या श्वासाने. कोणीही 'फुकट' म्हणून जाळतो तेव्हा शुल्क माफ होत नाही, फक्त बिल दुसऱ्याच्या दारात जाते. आणि बहुधा अशाच्या दारात, जो खिडकी बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता काकांकडे वळतो, कारण त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. त्यांच्या बोलण्यात एक मोठे सत्य आहे. जुन्या वसईत 'बागेचा कचरा' हा शब्दच नव्हता. झावळीचे झाप विणले जात, हीर काढून खराटा होई, केळीच्या सोपटाने फुलांच्या आणि पानांच्या जुड्या बांधल्या जात, नारळाची सोडणे चुलीत जात, उरलेला पाचोळा झाडाच्या आळ्यात. पाचोळा कचरा कधी झाला? माझ्या मते ज्या दिवशी अंगणात पेव्हर ब्लॉक बसले त्या दिवशी. पान तेच आहे, तसेच गळते, पण त्याला पडायला माती राहिली नाही. बावखले बुजली, वाड्या तुकड्यांत विकल्या, चूल गेली, झापाच्या जागी पत्रा आला. (जुने सगळेच चांगले होते असे मी म्हणत नाही. संध्याकाळी डासांसाठी पाचोळ्याचा धूर करणे हेही जुनेच आहे. तेव्हा घरे लांब होती, एवढेच.) काका आपली झावळी वाडीत जिरवतात, म्हणजे ते समाजाचे एक काम फुकट करत आहेत. त्यांना शुल्कात सूट मागण्याचा नैतिक हक्क आहे, आणि ती मागणी त्यांनी जोरात करावी असे मला वाटते. २००९ साली महापालिका झाली तेव्हा आपल्या गावांनी केलेल्या विरोधामागेही ही भीती होती, की शहराचे नियम आणि शहराची बिले वाडीला समजून न घेता लावली जातील. ती भीती खोटी होती असे कोण म्हणेल?

पण सूट मिळेपर्यंत काकांनी भरावे की नाही? येथे मत्तयच्या शुभवर्तमानातला सतरावा अध्याय माझ्या मदतीला येतो. मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राला विचारतात, तुमचे गुरुजी भरत नाहीत का? येशू घरात पेत्राला विचारतो की राजे कर कोणाकडून घेतात, स्वतःच्या मुलांकडून की परक्यांकडून? म्हणजे पुत्रांना सूट आहे, हे तो स्पष्ट सांगतो. आणि तरीही, लोकांना अडखळण होऊ नये म्हणून, भरतो. माशाच्या तोंडात सापडलेल्या एका नाण्यात दोघांचे भरले जाते. (कोळीवाड्यात हा उतारा वाचला की दरवेळी कोणीतरी म्हणतेच, फादर, आमच्या जाळ्यात असला मासा का येत नाही!) मला यात विशेष वाटते ते हे, की येशू भरतो म्हणून आपला मुद्दा मागे घेत नाही, आणि मुद्दा बरोबर आहे म्हणून भरायचे टाळत नाही. आपल्याकडे बहुतेक जण यातले एकच करतात. काही मुकाट्याने भरतात आणि घरी कुरकुरतात, काही भांडतात आणि भरत नाहीत. भरून भांडणारा माणूस विरळा, आणि त्याच्याच बोलण्याला वजन येते.

भांडायला विषयही भरपूर आहेत. शुल्क घेतले तर सेवा दिसली पाहिजे. गोखिवऱ्याच्या कचराभूमीला वारंवार आग लागते आणि भोयदापाड्याचे लोक धूर खातात. आपण एकमेकांना जाळू नका म्हणायचे आणि सगळ्यांचा मिळून कचरा तिकडे धुमसायचा, यात काय अर्थ? कबरस्तानाच्या भिंतीपलीकडच्या आजींना मी पाहिले. तिथल्या आजींना मी पाहिलेले नाही, एवढाच फरक.

आणि एक विषय, जो त्या दिवशी पायरीवर दोघांच्याही तोंडी आला नाही. गाडीवरच्या पोरांचा. बोगनवेलीच्या फांदीवर, लिंबाच्या डहाळीवर, खजुरीच्या झापावर काटे असतात. आपण ते पिशवीत कोंबतो, तोंड बांधतो, आणि तो मुलगा उघड्या हाताने उचलतो. पुण्यात २००८पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर कचरा घेते, आणि घरांनी दिलेले शुल्क त्या बायांच्या कमाईत जाते. म्हणजे तिथे पैसे देणाऱ्याला आपला पैसा कोणाच्या हाती जातो ते दिसते. आपल्याला ते दिसत नाही. बिल्डिंगवाले म्हणतात माझ्या खिशावर भार. खांद्यावरचा भार कोण मोजणार?

ज्यांना आपला पाचोळा जिरवता येतच नाही अशांचे काय, हाही प्रश्न उरतोच. आपल्या धर्मग्रामात अशी बरीच घरे आहेत, जिथे दोन म्हातारी माणसे, मुले कॅनडात नाहीतर गल्फमध्ये, आणि मागे सात-आठ माड. माडावर चढणारा गडी झाडामागे पैसे घेतो, नारळ उतरवतो, झावळ्या खाली टाकून जातो. आजोबांना त्या ओढवत नाहीत. त्यांना "खड्डा करून खत करा" असे सांगणे म्हणजे चेष्टा. आणि टेम्पोचे भाडे त्यांच्या पेन्शनला झेपत नाही. इंग्लंडची पद्धत येथे जशीच्या तशी आणली तर सगळ्यात आधी हीच माणसे काडेपेटी काढतील, आणि मी त्यांना दोष देऊ शकणार नाही.

आमच्यापुरते सांगतो. कबरस्तानाच्या मागे दोन खड्डे खणून घेतले आहेत, एक भरायचा आणि एक कुजायचा. बदामाची पाने फार सावकाश कुजतात, हा अनुभव आला. केळीचे बुंधे चिरून टाकले तर लवकर. झावळ्या मात्र खड्ड्याला दाद देत नाहीत, त्यांचे काय करायचे ते अजून नीट जमलेले नाही. या वर्षी राखेसाठी फक्त आशीर्वादित झावळ्या जाळल्या, त्याही कढईत, वाऱ्याचा अंदाज घेऊन. आजींना मी नंतर जाऊन सांगितले की तो ढीग आमचाच होता. त्या म्हणाल्या, "ते माहीत होते हो."

पॅरिश कौन्सिलपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे : पावसाळ्याआधी एक ट्रॅक्टर ठरवायचा, गल्लीगल्लीतून झावळ्या गोळा करायच्या, ज्याची बाग मोठी त्याने जास्त द्यायचे, म्हाताऱ्यांच्या घरचे चर्चने भरायचे. वाडीवाले काका म्हणतात त्यांच्याकडे जागा आहे, तुकडे करून मिळाले तर सगळ्यांच्या झावळ्या ते आळ्यांत घालतील, मात्र तुकडे करण्याचे यंत्र भाड्याने आणावे लागेल. बिल्डिंगवाल्यांनी विचारले की खत झाल्यावर त्यांच्या खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला मिळेल का. भाड्याची वाटणी कशी करायची यावर दोघांचे पुन्हा वाजलेच. येत्या रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये बसू या. ज्यांच्या घरी माड आहेत त्यांनी किती आहेत ते मोजून यावे.

आपला,
फादर